ड्युरन ड्युरन मिळेल हो, पण आजीचा आवाज?

मंडळी, ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचं वेड पुन्हा आलंय. ब्लाँडी, ड्युरन ड्युरन, द पोलिस... 'न्यू वेव्ह' म्हणायचे याला. आपल्या वसईत जहाजावर, आखातात गेलेल्यांनी आणलेल्या टू-इन-वनवर ही गाणी वाजायची. 'द पोलिस' तर १९८० साली मुंबईत वाजवून गेले. पुढच्याच वर्षी नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' आला आणि सिनेमाशिवाय हिंदी पॉपचा अल्बमही धडाक्यात खपतो हे कळलं.

अल्बम ऐकायला सबुरी लागायची. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. मधलं गाणं नावडतं असलं तरी ऐकायचं, कारण सारखं पुढे-मागे केलं की फीत अडकायची. मग बसा पेन्सिल फिरवत! अशीच नावडती गाणी चौथ्या खेपेला आवडायला लागायची.

पण कॅसेटचं खरं मोठेपण वेगळं. तबकडी काढायला कारखाना लागायचा, म्हणून काय निघणार ते कंपनी ठरवायची. कॅसेट घरी भरता यायची. गोव्यात शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ साली 'गोअन क्रेझी' घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला, वाद्यंही स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या.

हीच मुभा आपल्यालाही मिळाली होती. लग्नातली सामवेदी, वाडवळी गाणी, वरातीचा बँड, आजीच्या गोष्टी लोकांनी टेप केल्या. बातमीसाठी फिरताना अशा कॅसेटी मी कितीतरी घरांत पाहिल्यात.

ड्युरन ड्युरन उद्याही मोबाईलवर मिळेल. त्यांची गाणी जपायला कंपनी आहे. आजीच्या आवाजाची मात्र एकच प्रत, तीही माळ्यावर, आपल्या दमट हवेत. फितीला बुरशी लागते. त्यात जुनी घरं पाडून टॉवर होताहेत आणि कॅसेटी भंगारात जाताहेत.

महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात एक चांगला कॅसेट डेक, एक संगणक आणि एक जाणता माणूस, एवढं मागणं फार आहे का? नगरसेवकांना विचारूया. तोवर कॅसेट फेकू नका. बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. आणि कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या साली, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून कव्हरवर लिहून ठेवा. आवाज उरला आणि नाव गेलं, तर तोही अर्धाच उरेल.