गुदमरलेल्या पेशींचे निरोप

कर्करोगाची गाठ अनेकदा तिला होणाऱ्या रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढते. रक्तवाहिनीतून झिरपणारा प्राणवायू साधारणतः मिलिमीटरच्या एक ते दोन दशांश अंतरापर्यंतच पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. पण त्यातील अनेक पेशी तग धरतात आणि शेजारच्या पेशींना निरोप धाडतात. या निरोपाचे एक वाहन म्हणजे ‘एक्झोसोम’.

एक्झोसोम ही पेशीने बाहेर सोडलेली, मेदाचे आवरण असलेली सूक्ष्म पिशवी होय. तिचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी असतो. १९८३ मध्ये अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करताना कॅनडा व अमेरिकेतील दोन संशोधक गटांना अशा पिशव्या आढळल्या. नको असलेली प्रथिने बाहेर टाकण्याची ती सोय असावी, असे तेव्हा मानले गेले. मात्र या पिशव्यांतील आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कार्यरत होतो, हे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले आणि कचऱ्याची पिशवी टपालाची थैली ठरली.

प्राणवायू कमी पडला की पेशीत ‘एचआयएफ-१’ हे प्रथिन साठते व अनेक जनुकांना जागे करते. पेशींना प्राणवायूची चणचण कशी उमगते, याच्या उलगड्यासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना मिळाले. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना प्राणवायू कमी मिळाल्यास त्या अधिक एक्झोसोम सोडतात आणि त्यात या प्रथिनाचा हात असतो, असे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत आढळून आले. हे निरोप नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास चालना देतात, रोगप्रतिकारक पेशींना निष्प्रभ करतात आणि कर्करोग पसरण्यास हातभार लावतात, असे प्रयोगांतून दिसते.

रुग्णाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कारण प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणोपचाराला सहजी दाद देत नाहीत. मात्र निरोगी पेशीही एक्झोसोमचा वापर करतात. त्यामुळे सरसकट ही टपालसेवा बंद पाडणे हा उपाय ठरू शकत नाही. उलट, रक्त व लघवीत उतरणारे हेच एक्झोसोम निदानास उपयोगी पडतात. पुरःस्थ ग्रंथीचा तुकडा तपासणीसाठी काढावा की नाही, हे ठरविण्यास साह्य करणारी लघवीतील एक्झोसोमची चाचणी अमेरिकेत वापरली जाते. गाठीने धाडलेला निरोप तिचाच ठावठिकाणा सांगू शकतो, तो असा.