पृथ्वीच्या पोटात काय आहे आणि खंड सरकतात कसे?



३० सप्टेंबर १९९३ची पहाट. मी तेव्हा सोलापुरात शाळेत होतो. गणेश विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही उशिरा झोपलो होतो. चारच्या सुमारास मांडणीतली भांडी खडखडली, खाट हलली आणि आईने आम्हा भावंडांना ओढतच अंगणात नेलं. उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

त्या आठवड्यात आमच्या शेजारचे काका येईल त्याला एकच विचारायचे, "अहो, आपला तर पक्का काळा दगड. इथं कसा काय भूकंप?" तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. आज ते सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी सुरुवात मात्र पृथ्वीच्या पोटातून करावी लागेल.

पृथ्वीच्या आत काय काय आहे?

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचं अंतर आहे साधारण ६,३७१ किलोमीटर. त्यात मुख्य थर असे:

१. भूकवच: आपण राहतो ते वरचं टरफल. खंडांखाली ते सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं, तर समुद्राखाली फक्त सात-आठ किलोमीटर. हिमालय-तिबेटखाली मात्र ते ७० किलोमीटरच्या आसपास जातं.

२. प्रावरण: भूकवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत. बऱ्याच जणांना वाटतं की इथे नुसता लाव्हा उकळतोय. तसं नाहीये. हा जवळजवळ सगळा घन खडकच आहे, पण इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबात तो हळूहळू वाहतो.

३. बाह्य गाभा: सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीपर्यंत. इथे वितळलेलं लोखंड आणि निकेल आहे. ते ढवळत राहतं, त्यातूनच पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं. तुमच्या मोबाईलमधला कंपास चालतो तो याच्याच जोरावर.

४. आंतरिक गाभा: अगदी मधला लोखंडाचा घन गोळा. तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्याही वर, पण दाब इतका प्रचंड की लोखंड वितळू शकत नाही.

तिथे कुणी गेलं नाही, मग हे कळलं कसं?

रशियात कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक भोक पाडायला घेतलं होतं. १९८९ साली ते १२,२६२ मीटरवर पोचलं. खाली उष्णता १८० अंशांपर्यंत गेली आणि पुढचं काम अवघड होऊन बसलं. इतक्या खटाटोपानंतरही ते केंद्राच्या वाटेवर जेमतेम पाचशेवा भागच गेलं होतं. पृथ्वीला आंबा मानलं तर साल सुद्धा आरपार झाली नाही!

म्हणून शास्त्रज्ञ दुसरी युक्ती वापरतात. बाजारात आपण कलिंगडावर टिचकी मारून आवाजावरून आतला अंदाज घेतो ना, तसंच. इथे टिचकी मारतो भूकंप. मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या आतून प्रवास करून जगभरच्या भूकंपमापकांवर पोचतात. त्यातल्या पी लहरी वेगवान असतात आणि घन-द्रव दोन्हींतून जातात. एस लहरी मागून येतात आणि फक्त घन पदार्थातूनच जातात. कुठे किती वेळात काय पोचलं आणि काय पोचलंच नाही, यावरून आतला नकाशा तयार होतो.

यात एक धागा भारताशीही जोडलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला आणि या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ साली पृथ्वीला गाभा आहे याचा पुरावा त्यांनीच मांडला. एस लहरी गाभ्यातून पार होत नाहीत, म्हणून बाहेरचा गाभा द्रव असल्याचं कळलं. आणि १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचं दाखवलं.

खंड सरकतात कसे?

१९१२ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी सांगितलं की सगळे खंड एकेकाळी एकत्र होते. पण इतके अवाढव्य खंड हलवतं कोण, हे त्यांना पटवून देता आलं नाही. १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा मृत्यू झाला. १९५० आणि ६०च्या दशकांत समुद्रतळाचे नकाशे तयार झाले, तळाशी नवा खडक जन्मतो हे दिसलं आणि मग त्यांचं म्हणणं जगाने मान्य केलं.

भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक भाग मिळून सुमारे १०० किलोमीटर जाडीचे तुकडे होतात. त्यांना भूपट्ट म्हणतात. ते खालच्या मऊसर थरावरून सरकतात. समुद्राखालचा जुना, थंड, जड झालेला भूपट्ट प्रावरणात बुडतो आणि उरलेल्याला ओढत नेतो. पलंगावरून अर्धी लोंबलेली चादर बाकीच्या चादरीला खाली खेचते, अगदी तसं.

भारताचा प्रवास

भारत सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. आपला सह्याद्री आणि दख्खनचा काळा दगड तो हाच. त्या सुमारास भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि हिमालय उचलला जाऊ लागला.

ती धडक अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय, म्हणजे साधारण नखं वाढतात त्या वेगाने. हे मोजलं जातं जीपीएसने. मोबाईलचं जीपीएस काही मीटर चुकतं, पण खडकात पक्की बसवलेली खास केंद्रं वर्षानुवर्षं नोंदी घेतात, त्यामुळे मिलिमीटरचाही फरक कळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असं एक केंद्र आहे. ऑस्ट्रेलिया तर वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. १९९४ ते २०२० या काळात त्यांचे नकाशे जवळपास १.८ मीटरने मागे पडले आणि देशाची अधिकृत मापनपद्धतच नव्याने ठरवावी लागली.

मग काकांच्या प्रश्नाचं काय?

हिमालय किल्लारीपासून हजार किलोमीटरहून लांब आहे. पण तिथे अडलेल्या भूपट्टाचा ताण मागे संपूर्ण द्वीपकल्पात पसरतो. जिथे खडकात जुनी भेग असते, तिथे तो कधीतरी सुटतो. आपला काळा दगड म्हणजे वरचं पांघरूण आहे. १९६७ साली मोठा भूकंप झालेल्या कोयना भागात नंतर तीन किलोमीटर खोल भोक घेतलं. तिथे काळा दगड सव्वा किलोमीटरच्या आसपासच संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भेगा त्या खडकात आहेत. कोयनेत तर धरणाच्या पाण्याचाही त्यात वाटा असल्याचं मानलं जातं.

किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगात दरवर्षी असे कितीतरी होतात. तिथे माणसं गेली ती मुख्यतः घरांमुळे: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद.

तेव्हा मित्रांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमुक तारखेला भूकंप होणार असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, कारण तारीख-वार सांगणारं तंत्रज्ञान आज जगात कुणाकडेही नाही. आणि घर बांधताना इंजिनिअरला नक्की विचारा, "हे भूकंपाला टिकेल ना?" जमीन सरकायची थांबणार नाही, घर मात्र पक्कं बांधता येतं.