संभोगोत्तर त्वचादाह

संभोगानंतर जननेंद्रियांच्या किंवा मांड्यांच्या त्वचेवर उठणारी खाज, लाली, आग वा पुरळ. बहुतेकदा कारण साधे असते: कोरडेपणातले घर्षण, सुगंधी वंगण किंवा नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक.

निरोधातील नैसर्गिक रबराची ॲलर्जी दोन प्रकारची असते. रबरातील प्रथिनांमुळे काही मिनिटांतच गांधी व सूज येते. अशा व्यक्तींना केळे किंवा किवी खाल्ल्यावरही कधीकधी तोंडात खाज सुटते. रबर-प्रक्रियेतील रसायनांमुळे येणारे पुरळ मात्र एक-दोन दिवसांनी दिसते, त्यामुळे खरे कारण सहसा ध्यानात येत नाही. पॉलियुरेथेनचे निरोध हा पर्याय आहे. वीर्याची ॲलर्जी विरळ. निरोध वापरल्यास तिची लक्षणे टळतात.

कोमट पाण्याने हलके धुणे, गार पट्टी आणि सैल सुती कपडे एवढ्याने साधा दाह शमतो. जंतुनाशक साबण तो वाढवतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे टाळावीत. पुरळ नायट्याचे असल्यास त्यांनी ते वरवर दबते, पण पसरत जाते. वंगण म्हणून खोबरेल तेल वापरू नये, त्याने रबरी निरोध फाटू शकतो.

फोड, व्रण, स्राव किंवा ताप असल्यास जननेंद्रियांचा हर्पिस, उपदंश यांसारख्या संसर्गांची तपासणी आवश्यक ठरते. श्वास लागणे, ओठ सुजणे या लक्षणांत रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.