ग्वाल्हेरचे सत्तांतर (१८५८)

ग्वाल्हेर संस्थानात १ ते २० जून १८५८ या काळात झालेला सत्ताबदल. १८५७ च्या उठावातील मराठी नेत्यांनी शिंद्यांची राजधानी घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत गमावली. या घटनेची मुख्य स्थळे, फुलबाग आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी, आजच्या पडाव भागालगत आहेत.

पार्श्वभूमी : महाराजपूर व पनिहार येथील पराभवानंतर (२९ डिसेंबर १८४३) शिंद्यांवर १८४४ चा तह लादला गेला. त्यानुसार ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज होते, खर्च मात्र संस्थानाच्या माथी होता. जून १८५७ मध्ये ही फौज ग्वाल्हेरजवळच्या मोरार छावणीत उठली. संस्थानिक जयाजीराव शिंदे आणि दिवाण दिनकरराव राजवाडे ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने राहिले. दरबारातील व पलटणींतील अनेकांचा ओढा मात्र उठावाकडे होता.

सत्तांतर : मे १८५८ मध्ये काल्पी इंग्रजांच्या हाती पडल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि लक्ष्मीबाई ग्वाल्हेरकडे वळले. १ जूनला जयाजीराव फौज घेऊन मोरारजवळ सामोरे आले. लढाई अशी फारशी झालीच नाही. अंगरक्षक दल तेवढे लढले, बाकीचे सैन्य पेशव्यांना जाऊन मिळाले. जयाजीराव धोलपूरमार्गे आग्र्याला निघून गेले. फुलबागेत दरबार भरवून नानासाहेबांना पेशवे जाहीर करण्यात आले. नानासाहेब स्वतः तेथे नव्हते, त्यांच्या नावे रावसाहेबच कारभार पाहत होते. शिंद्यांच्या खजिन्यातून शिपायांना पगार वाटले गेले.

युतीचे दुबळेपण : इंग्रजांविषयीचा राग सर्वांत समान होता, राज्य कोणी व कसे चालवायचे, यावर एकवाक्यता नव्हती. पेशव्यांच्या नावाला मान होता, पण हाताशी मुलूख नव्हता. पगारासाठी आलेली निष्ठा खजिन्याइतकीच टिकणारी होती. शिवाय जयाजीराव जिवंत असल्याने संस्थानाचा जुना धनी आग्र्यात तयारच होता. समारंभांत आणि ब्राह्मणभोजनांत मोलाचे दिवस गेले, असा ठपका रावसाहेबांवर ठेवला जातो.

शेवट : इंग्रज सेनापती सर ह्यू रोजने १६ जूनला मोरार घेतले. दुसऱ्या दिवशी कोटा की सराय येथे ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेशी झालेल्या चकमकीत लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. इंग्रजी कागदपत्रांत ही तारीख १७ जून आहे. ग्वाल्हेरात बलिदानदिन १८ जूनला पाळतात. १९ जूनला ग्वाल्हेरचे लष्कर शहर आणि २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती आला व जयाजीराव गादीवर परतले. तात्या टोपे निसटले. पुढे नरवरच्या मानसिंहाने दगा दिल्याने ते पकडले गेले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत त्यांना फाशी झाली.

परिणाम : निष्ठेबद्दल शिंद्यांना गादी मिळाली, किल्ला नाही. तो १८८६ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात राहिला आणि झाशीच्या बदल्यात परत मिळाला.