२,१४,७४,८३,६४७ : तुमच्या फोनमध्ये लपलेला एक खास नंबर

रूनस्केप या गेममध्ये एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी राहतात. त्यापुढे एकही नाही. हा नंबर कुणी मनाला येईल तसा निवडलेला नाही.

कॉम्प्युटर फक्त ० आणि १ ओळखतो. ३२ बिटच्या आकड्यात एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्या सगळ्यांत १ भरला की होते २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आणखी एक मिळवायला गेलात की चिन्हाचा बिट उलटतो आणि आकडा सरळ उणे होतो. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात.

मला स्वतःला यातलं गणित जास्त आवडतं. ही मूळ संख्या आहे! १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ऑयलर या गणितज्ञाने हे १७७२ मध्ये दाखवून दिलं, तेही कॅल्क्युलेटरशिवाय. वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली येतं, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणं आलं. त्या हजारोंच्या घरात आहेत. पण ऑयलरच्या लक्षात आलं की भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार. अशा संख्या चारशेसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या मूळ तर आणखी कमी. काम एकदम आटोक्यात! पुढची पाऊणशेहून जास्त वर्षं हीच माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज या मर्यादेपलीकडे गेले आणि यूट्यूबचा काउंटर ६४ बिटचा झाला. नवी मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. गंमत म्हणजे ही मूळ नाही, तिला ७ ने भाग जातो. (घात ६३ आहे आणि ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून.)

२०३८ ला काय होणार?

खूप सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटमध्ये ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवेल. नवीन ६४ बिट फोनवाल्यांनी टेन्शन घेऊ नका. लिनक्स कर्नल ५.६ मध्ये, २०२० सालीच, ३२ बिट उपकरणांसाठीही सोय झाली आहे. खरी अडचण आहे ती कधीच अपडेट न होणाऱ्या जुन्या मशिनांची. शिवाय वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला २०३८ नंतरच्या तारखा आजच लागतात.