लघुउद्योगांचे अल्पखर्ची विपणन

मर्यादित भांडवल असलेल्या उद्योगाने मोठा जाहिरातखर्च न करता ग्राहक मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी योजलेल्या उपायांना अल्पखर्ची विपणन असे म्हणतात. तोंडी प्रसिद्धी, दुकानाची पाटी, हस्तपत्रके, नमुनावाटप, प्रदर्शने व जत्रांतील विक्री, तसेच समाजमाध्यमे ही त्याची प्रमुख साधने होत. या पद्धतीत पैशाची उणीव मुख्यतः वेळ, श्रम आणि ग्राहकाशी असलेला प्रत्यक्ष परिचय यांनी भरून काढली जाते. लहान उद्योगाचा नफा बेताचा असतो व फसलेल्या जाहिरातीचा खर्च थेट खेळत्या भांडवलातून जातो. त्यामुळे योग्य उपायाची निवड हा त्याच्या दृष्टीने तग धरण्याचाच प्रश्न ठरू शकतो.

संज्ञा व व्याप्ती

विपणन आणि जाहिरात या संज्ञा व्यवहारात समानार्थी वापरल्या जात असल्या, तरी जाहिरात हा विपणनाचा केवळ एक भाग आहे. अमेरिकन अभ्यासक ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरणस्थळ आणि प्रसिद्धी अशी विपणनाची चार अंगे मांडली. त्यांपैकी पहिली तीन नीट नसतील, तर चौथ्यावर केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो. पैशाऐवजी कल्पकता व चिकाटी वापरण्याच्या विचाराला जे कॉनरॅड लेव्हिन्सन यांच्या 'गुरिल्ला मार्केटिंग' (१९८४) या पुस्तकामुळे स्वतंत्र नाव मिळाले.

भारतात उद्योगांचे वर्गीकरण सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार होते. १ एप्रिल २०२५ पासून २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म', तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपयांपर्यंतचा उद्योग 'लघु' मानला जातो. प्रस्तुत लेखात 'लघुउद्योग' ही संज्ञा दोन्ही गटांसाठी वापरली आहे.

उदाहरण : लिज्जत पापड

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था जाहिरातीवाचून वाढलेल्या उद्योगाचे ठळक उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक होत. पहिला माल भुलेश्वरमधील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकण्यात आला. आरंभी उंची व हलक्या अशा दोन प्रतींचे पापड होत असत. परंतु मार्गदर्शक छगनलाल पारेख यांच्या सल्ल्यानुसार एकच उत्तम प्रत ठेवण्यात आली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून उत्पादन थांबवावे लागले. पुढील वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती योजण्यात आली, त्यामुळे पुरवठा अखंड राहिला. 'लिज्जत' हे नावही १९६२ मध्ये पाच रुपये बक्षिसाच्या स्पर्धेतून निवडले गेले. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या बोलक्या सशाची दूरचित्रवाणीवरील सुप्रसिद्ध जाहिरात ही पुष्कळ नंतरची होय. एकसारखी प्रत व नियमित पुरवठा आधी आणि जाहिरात नंतर, असा हा क्रम आहे.

प्रमुख पद्धती

तोंडी प्रसिद्धी : समाधानी गिऱ्हाइकाने केलेली शिफारस ही सर्वांत स्वस्त व विश्वासार्ह जाहिरात मानली जाते. ती विकत घेता येत नाही. मात्र तक्रारीचे तत्पर निवारण, चोख माप आणि जुन्या गिऱ्हाइकांची आठवण ठेवणे यांनी तिला चालना मिळते.

पाटी व वेष्टन : दुकानाची पाटी एकदा केलेल्या खर्चात अनेक वर्षे काम करते. वेष्टनावरील नाव व संपर्क क्रमांक यांमुळे वस्तू घरी गेल्यावरही प्रसिद्धी चालू राहते.

नमुने व प्रदर्शने : लोणची, मसाले, चिवडा यांसारख्या खाद्यपदार्थांत चव दाखवणे परिणामकारक ठरते. महाराष्ट्रातील बचतगटांसाठी महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन मुंबईत भरविले जाते.

डिजिटल साधने : व्हॉट्सॲप बिझनेस (२०१८) या ॲपवर वस्तूंची सूची विनामूल्य मांडता येते. गूगल बिझनेस प्रोफाइलमुळे दुकानाचे स्थान, वेळा व ग्राहकांचे अभिप्राय नकाशावर दिसतात.

परस्परसहकार्य : फुलवाले, मंडप-सजावटवाले व आचारी यांसारखे एकमेकांशी स्पर्धा नसलेले व्यावसायिक परस्परांकडे गिऱ्हाईक पाठवतात. यास खर्च जवळजवळ नसतो.

खर्चाचा हिशेब

एखाद्या उपायाची उपयुक्तता त्यातून झालेल्या वाढीव नफ्यावरून ठरते. समजा, हस्तपत्रकांची छपाई व वाटप यांस २,००० रुपये लागले आणि एका पाकिटामागे २० रुपये नफा सुटतो. अशा वेळी खर्च भरून निघण्यासाठीच १०० पाकिटे अधिक विकली जावी लागतात. नव्या गिऱ्हाइकाला 'आमच्याविषयी कोठे कळले?' असे विचारून वहीत नोंद ठेवल्यास कोणता उपाय फलदायी ठरला हे समजते. मालकाचा स्वतःचा वेळ हाही खर्चच असून तो बहुधा हिशेबात धरला जात नाही.

कायदेशीर बाबी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही विशिष्ट रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. सार्वजनिक भिंतींवर पत्रके चिकटवण्यास महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने निर्बंध आहेत. राज्यातील दुकानांची पाटी देवनागरी लिपीत मराठीतून असणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही या तरतुदीखाली आली. नावाच्या संरक्षणासाठी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली दहा वर्षांची, नूतनीकरण करता येणारी नोंदणी उपलब्ध आहे.

मर्यादा

तोंडी प्रसिद्धीचा वेग मंद असतो व ती प्रतिकूलही असू शकते. समाजमाध्यमावरील पोहोच त्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. खाते बंद पडल्यास ग्राहकांशी असलेला संपर्कही तुटतो, म्हणून संपर्कयादी स्वतंत्रपणे जपणे आवश्यक ठरते. उत्पादनक्षमतेपेक्षा मागणी वाढल्यास पुरवठा विस्कळीत होऊन कमावलेला विश्वास गमावला जातो. तसेच, निकृष्ट वस्तूची प्रसिद्धी जितकी अधिक, तितके तिचे दोषही लवकर सर्वदूर पोचतात.

हेही पहा

विपणन
जाहिरात
बचत गट
लिज्जत पापड
व्यापारचिन्ह