दौलतराव शिंदे आणि असईचे गोलंदाज

भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे इंग्रजांशी जी लढाई झाली तिचे वर्णन बहुधा आर्थर वेलस्ली या जेत्याच्या अंगाने केले जाते. आम्ही येथे हरलेल्या बाजूच्या तरुण धन्याची हकीकत सांगणार आहो, आणि त्याच्या चाकरीत मेलेल्या माणसांची.

महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. पोटचा मुलगा नव्हता. भाऊ तुकोजी यांचा नातू दौलतराव गादीवर आला. त्याचा जन्म 1779 चा. म्हणजे मिसरूडही न फुटलेल्या पोराच्या हाती उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत बळकट फौज पडली. इंग्लंडात नॉर्मन सरदारांच्या अमदानीत वारस अल्पवयीन असला की त्याची जहागीर वरिष्ठ धन्याच्या ताब्यात जाई, आणि पोर वयात येईपर्यंत पालक तिचे उत्पन्न खात. ती रीत काही चांगली नव्हती. पण तिच्यात पालक कोण हे तरी ठरलेले असे. दौलतरावाचे पालक व्हायला सारेच तयार, आणि जबाबदार मात्र कोणी नाही.

ही फौज जुन्या धर्तीची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. दि बॉयन नावाच्या सेनानीने महादजींसाठी कवायती कंपू उभे केले होते. त्यांच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिलेला होता आणि शिपायाला पगार वेळेवर मिळे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही; हिशेब वाचायला शिकलो ते गिरणीच्या पगारपत्रकावरून. म्हणून असेल, पण दि बॉयनच्या सगळ्या कर्तबगारीत आम्हांस हीच गोष्ट मोठी वाटते. 1795 च्या अखेरीस त्याने शिंद्यांची चाकरी सोडली. पोरगा धनी मात्र पुण्याच्या राजकारणात गुंतून पडला, आणि खर्च चढत गेला.

पुढची चार वर्षे वाचताना मन विटते. 1797 च्या शेवटच्या दिवशी नाना फडणीस दग्याने कैद झाले. 1798 मध्ये दौलतरावाने कागलकर सर्जेराव घाटग्यांच्या मुलीशी, बायजाबाईशी, लग्न केले. बाजीरावाने कबूल केलेली रक्कम त्याच्याकडून उगवेना. तेव्हा सासऱ्यास पुणे शहर लुटून ती वसूल करण्याची मोकळीक मिळाली. सावकार, कारकून, पेठेतले वाणी कोणी सुटले नाही. त्याच सुमारास महादजींच्या विधवांनी आपल्या पोटगीसाठी बंड उभारले आणि घरचीच फौज घरच्यांवर चालून गेली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे या दोघांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला, आणि 31 डिसेंबरला वसईचा तह करून कंपनीच्या पदरी पडला.

पुढच्या ऑगस्टात युद्ध जुंपले. अहमदनगरचा किल्ला चार दिवसांत पडला. दौलतराव आणि नागपूरचे रघूजी भोसले अजिंठ्याचा घाट चढून जालन्याच्या रोखाने आले, परंतु 2 सप्टेंबरला जालन्याचा किल्लाच कर्नल स्टीव्हन्सनने घेतला. तीन आठवड्यांनी असईला गाठ पडली.

वेलस्ली हाही सरदारपुत्रच. आयर्लंडातील अर्लचा धाकटा मुलगा, सख्खा भाऊ गव्हर्नर-जनरल, आणि सुरुवातीच्या बढत्या पैसे भरून घेतलेल्या. तेव्हा कुळाचा मोठेपणा दोन्हीकडे सारखाच होता. पण त्याने बैल, धान्य आणि दारूगोळा यांची बारकाईने व्यवस्था ठेवली होती. उतार नाही असे वाटाडे म्हणत असता, नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर दिसली. येथे माणसे येत-जात असलीच पाहिजेत, असा तर्क करून त्याने पलटणी नदीपार नेल्या.

शिंद्यांकडे सुमारे दहा हजार कवायती पायदळ होते आणि शंभराच्या आसपास तोफा. कंपूंचा मुख्य पोलमन हनोवरचा. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांस आधीच फोडले होते. लढाईला तोंड लागताच रघूजी मैदान सोडून गेले आणि मागोमाग दौलतरावही गेला, असे ग्रँट डफ लिहितो. तेव्हा त्याचे वय चोविसाच्या आतबाहेर होते. ज्या वयात घोडा मागे फिरवायची लाज वाटते ते हे वय. पण दहा वर्षे त्याला दुसऱ्यांच्या जिवावर राज्य करण्याचीच सवय लावलेली होती.

गोलंदाज मात्र गेले नाहीत. संगिनी पोटात शिरेपर्यंत ते तोफांपाशी उभे होते. इंग्रज पलटणी पुढे सरकल्यावर मेल्याचे सोंग करून पडलेल्यांपैकी काही उठले आणि त्यांनी तोफा उलट्या फिरवून पाठीमागून डागल्या. असई गावासमोर 74 वी पलटण जवळजवळ कापली गेली. इंग्रजांकडे मेलेले आणि जखमी मिळून पंधराशेहून अधिक झाले. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव सांगे. 98 तोफा त्याच्या हाती लागल्या. त्यांच्याशी मेलेल्यांची नावे विजयपत्रात नाहीत. इंग्रज पलटणींच्या निशाणांवर मात्र ‘असई’ हे नाव आणि हत्ती चढला.

30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्ली, आग्रा, दुआब गेला, अजिंठ्याच्या डोंगराखालचा जालना परगणाही गेला. म्हणजे ज्या मुलखातून कंपूंचा पगार निघे तोच गेला.

दौलतराव पुढे 1827 पर्यंत जगला. 1809 मध्ये त्याच्या छावणीबरोबर ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याची पत्रे छापलेली आहेत. थकलेल्या पगारासाठी पलटणी धन्याच्या तंबूच्या दाराशी धरणे धरून बसत, हे त्याने त्यांत लिहून ठेवले आहे.